पेरणी किती टक्के झाली? कॅनडाच्या मसूरपट्ट्याचा आठवडी अहवाल वाचताना

मे महिन्यात आपला शेतकरी नांगरट आटोपून आभाळाकडे बघत असतो. पावशाची ‘पेरते व्हा’ अजून लांब असते. त्याच दिवसांत कॅनडातल्या सास्काचेवान नावाच्या प्रांतात पेरणीची नुसती झुंबड उडालेली असते. आपल्या घरातल्या मसुराच्या डाळीचा या झुंबडीशी थेट संबंध आहे. भारतात बाहेरून जो मसूर येतो तो मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून, आणि कॅनडाच्या मसुरापैकी ९० टक्क्यांच्या आसपास या एका प्रांतात पिकतो. त्यामुळे डाळीच्या व्यापारातली माणसं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला तिथल्या कृषी खात्याचा पीक अहवाल चाळतात.

अहवालाच्या पहिल्याच ओळीत एक आकडा असतो: पेरणी अमुक टक्के पूर्ण, गेल्या पाच वर्षांची सरासरी तमुक टक्के. बातम्या बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबतात. सरासरीच्या पुढे असेल तर छान, मागे असेल तर चिंता. माझ्या मते त्या अख्ख्या अहवालात पीक किती येणार हे सगळ्यांत कमी सांगणारा आकडा कुठला असेल, तर तो हाच. असं का, ते समजायला आधी तिथला वाफसा समजून घ्यावा लागतो.

आपल्याकडे पेरणी पावसाने सुरू होते. मृगाचा पाऊस झाला, जमीन भिजली, मग वरचं पाणी ओसरून माती हाताळण्याजोगी झाली की वाफसा आला. सास्काचेवानमध्ये वाफसा येतो तो बर्फ वितळून. हिवाळ्यात जमीन काही फूट खोलवर गोठलेली असते. एप्रिलमध्ये वरचा थर मऊ होतो, पण खाली गोठलेला थर तसाच राहतो आणि वितळलेलं पाणी त्यातून खाली जिरत नाही. शेतात डबकी साचतात. मग वारा सुटतो, ऊन तापतं, माती सुकते आणि हळूहळू उबदार होते. मातीचं तापमान ५ अंशांच्या आसपास गेलं की वाटाणा आणि मसूर रुजू शकतात. एप्रिलच्या अखेरीस नैर्ऋत्येकडच्या कोरड्या भागात पहिली यंत्रं शेतात उतरतात, ईशान्येकडे त्याला मे उजाडतो.

घाईचं कारण दुसऱ्या टोकाला आहे. मेच्या अखेरीपर्यंत दहिवर (गोठलेलं दंव) पडून रोपं जळू शकतात आणि सप्टेंबरच्या मध्यात पुन्हा पडू शकतं. मधल्या साधारण शंभर दिवसांत पेरा, वाढ, फुलोरा, दाणा भरणं, सगळं उरकायचं. निसर्गाने याची भरपाई उन्हाने केली आहे. जूनमध्ये या प्रांतातल्या सास्काटून शहरात दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, त्यामुळे रोपं आपल्याला विश्वास बसणार नाही इतक्या वेगाने उंच होतात. तरी वेळापत्रकाला ढिलाई नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पेरलेल्याला सरकारी पीक विम्याचंही कवच मिळत नाही.

एवढ्या मुदतीत पेरायचं किती? २०२१ च्या कृषी गणनेनुसार या प्रांतातलं सरासरी शेत १,७६६ एकरांचं आहे. महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे साधारण सव्वातीन एकर आहेत. तुलना मनोरंजक आहे, पण फार ताणू नये. तिथे एकरी उत्पन्न बेताचं आणि पाऊस आपल्या माण-खटावच्या पट्ट्याइतका किंवा त्याहूनही कमी. बऱ्याच भागात वर्षाकाठी ३५० ते ४५० मिलिमीटर, तोही बर्फ धरून. आपल्या पाभरीचं काम तिथे साठ ते ऐंशी फूट रुंदीचं यंत्र करतं. मागच्या टाकीतून पंख्याच्या हवेने बी आणि खत नळ्यांमधून फुंकलं जातं आणि एकाच फेरीत दोन्ही जमिनीत जातं. दिवसाला दोनशे-तीनशे एकर सहज होतात. रात्री दिवे लावून काम चालतं, जेवणाचे डबे शेतावरच येतात. सुगीची ती लगबग आपल्याला ओळखीची वाटेल, फक्त माणसं दोन-तीनच दिसतील.

आणि नांगरट? ती जवळपास नाहीच. गेल्या हंगामाच्या उभ्या धसकटांतच बी पेरतात. यामागे एक जुना दणका आहे. १९३० च्या दशकात सलग दुष्काळ पडला, नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्याने उडून गेली आणि हजारो कुटुंबं शेत सोडून निघून गेली. खरं तर १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसरच्या मोहिमेने दक्षिणेकडच्या त्रिकोणी पट्ट्याबद्दल, हा भाग शेतीला नालायक आहे, असा शेराच मारून ठेवला होता. आज त्याच त्रिकोणात जगातल्या मसुराचा मोठा वाटा पिकतो. धसकटं वारा अडवतात, हिवाळ्यात बर्फ धरून ठेवतात आणि वसंतात तेच बर्फ ओल बनतं. अहवालात वाऱ्याने झालेल्या नुकसानीचा उल्लेख आजही येतो, पण काळ्या वादळांचे दिवस गेले.

पेरणीचा क्रमही ठरलेला आहे. आधी वाटाणा, मसूर आणि पास्त्यासाठी लागणारा कठीण डुरम गहू, मग साधा गहू, त्यानंतर कॅनोला, आणि बार्ली, ओट, जवस सोयीने मागेपुढे. कॅनोला म्हणजे आपल्या मोहरीची चुलत बहीण. कॅनेडियन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तिच्या तेलातलं नको असलेलं आम्ल आणि पेंडीतला तिखटपणा कमी केला. ‘कॅनडा’ आणि ‘तेल’ मिळून नाव झालं कॅनोला.

या क्रमामुळेच एकूण टक्केवारी फसवते. समजा, मेच्या मध्यावर अहवाल म्हणतो, पेरणी ३५ टक्के. (हा आकडा उदाहरणापुरता.) मसूरवाल्याला त्यातून काय कळलं? काहीच नाही. कदाचित मसूर ७० टक्के पेरून झाला असेल आणि कॅनोला नुकता सुरू झाला असेल. अहवालात पुढे पीकनिहाय आणि विभागनिहाय आकडे असतात. प्रांताचे सहा विभाग केलेले आहेत. ज्याला डाळीत रस आहे त्याने नैर्ऋत्य आणि पश्चिम-मध्य हे दोन विभाग बघावेत. कॅनोलावाल्याने ईशान्य आणि वायव्य. दक्षिण-पश्चिमेची माती तपकिरी, पाऊस कमी, तिथे मसूर खूश. उत्तरेकडे माती काळी होत जाते. ही काळी माती आपल्यासारखी बसाल्टच्या खडकाची नव्हे. हजारो वर्षांच्या गवताच्या मुळ्या कुजून तिला काळेपण आलं. आपल्या काळ्या रानात पाऊल रुतलं तर चप्पल तिथेच राहते, तसा चिकटपणाही तिच्यात सरसकट नसतो.

दुसरी फसवणूक वेगाची. सुरुवातीचे दहा-बारा दिवस आकडा रेंगाळतो, मग एखाद्या कोरड्या आठवड्यात वीस-पंचवीस टक्क्यांची उडी घेतो आणि शेवटी ओली खाचरं उरली की पुन्हा रेंगाळतो. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात ‘सरासरीपेक्षा मागे’ या शब्दांना जवळपास काही अर्थ नसतो. तो मागेपणा चार उन्हाळी दिवसांत भरून निघतो. शिवाय पाच वर्षांच्या सरासरीत एखादं फार उशिराचं वर्ष बसलेलं असलं की पुढची पाच वर्षं ‘सरासरीच्या पुढे’ असणं सोपं होऊन जातं. म्हणूनच अहवालात दहा वर्षांची सरासरीही दिलेली असते. ती जास्त भरवशाची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत गमतीची वाटते. आकडा अडला की बातमी वाईट, असं आपण धरतो. पण मेमध्ये आकडा अडण्याचं नेहमीचं कारण पाऊस असतं. यंत्रं बांधावर उभी, शेतकरी घरी, टक्केवारी जागच्या जागी, आणि पेरून झालेल्या रानात बी टम्म फुगतंय. कोरड्या वर्षी याच्या बरोबर उलट घडतं. पाऊस नाही म्हणून खंड नाही, यंत्रं अहोरात्र चालतात, आकडा झपाट्याने वर जातो. म्हणजे पेरणी जितकी सुसाट, तितकी ओलीबद्दल शंका घ्यायला जागा.

दोन वर्षांची गोष्ट

२०२१ मध्ये हेच झालं. वसंत कोरडा होता. सास्काचेवानची पेरणी पाच वर्षांच्या सरासरीच्या चांगली पुढे सरकली. पहिली ओळ वाचणाऱ्याला सगळं आलबेल दिसत होतं. आतल्या पानांवर मात्र, वरच्या थरातली ओल कमी, काही ठिकाणी फारच कमी, असं येत होतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं होतं, खालच्या थरातही साठा नव्हता. मग जूनच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिम कॅनडावर उष्णतेचा घुमट बसला, म्हणजे गरम हवा दिवसेंदिवस एकाच जागी कोंडून राहिली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावात २९ जूनला ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं; आपला चंद्रपूरही इतका तापत नाही. प्रेअरीवर, म्हणजे सास्काचेवान आणि आसपासच्या गवताळ मैदानांवर, इतकं नव्हतं, पण पस्तिशीच्या पुढचा पारा फुलोऱ्यातल्या कॅनोलाला पुरेसा होता. तिशीच्या वर गेलं की त्याची फुलं शेंग न धरताच गळतात.

त्या वर्षी कॅनडाचा गहू सुमारे ३.५ कोटी टनांवरून २.२ कोटी टनांच्या आसपास आला. मसूर २९ लाख टनांच्या घरातून १६ लाख टनांवर घसरला. कॅनोलाही एक चतुर्थांशाहून जास्त खाली गेला.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या वसंतात, चित्र दुभंगलं. दक्षिणेकडून एकामागून एक वादळं आली. पूर्वेला लागून असलेल्या मॅनिटोबा प्रांतात आणि सास्काचेवानच्या पूर्व भागात बर्फ आणि पाऊस इतका झाला की यंत्र शेतात घालताच येईना. पेरणी खूप मागे पडली. पश्चिम भागात मात्र कोरडं होतं आणि पेरणी झटपट उरकली. टक्केवारीवर विश्वास ठेवणाऱ्याने पूर्वेबद्दल गळा काढला असता. प्रत्यक्षात पूर्वेला उशिरा का होईना चांगलं पीक आलं आणि पश्चिमेच्या कोरड्या पट्ट्यात पीक बेताचंच राहिलं. देशाचा गहू पुन्हा ३.४ कोटी टनांच्या आसपास पोचला.

ही दोन वर्षं शेजारी ठेवली की पुढच्या पानावर नजर आपोआप जाते. तिथे ओलीचा तक्ता असतो. लागवडीखालची जमीन, गवती जमीन आणि कुरणं अशा तीन रकान्यांत वरच्या थरातली ओल ‘जास्त’, ‘पुरेशी’, ‘कमी’, ‘फारच कमी’ अशी विभागून किती टक्के क्षेत्रात आहे ते दिलेलं असतं. मी आधी हा तक्ता बघतो, मग पेरणीचा आकडा. मात्र याचीही एक मर्यादा आहे. हा वरचा थर आहे. पेरणीच्या आठवड्यात वीस मिलिमीटर पाऊस झाला की ‘पुरेशी’चा रकाना एकदम फुगतो, पण जुलैत मुळं खाली गेल्यावर त्यांना तिथे काय मिळणार, ते मागच्या शरदातल्या पावसाने आणि हिवाळ्यातल्या बर्फाने ठरवलेलं असतं. त्याचा अंदाज घ्यायला एक आडवाट आहे: गुरांसाठीच्या शेततळ्यांबद्दलचा मजकूर. तळी बर्फाच्या पाण्याने भरली असतील तर जमिनीलाही काहीतरी मिळालंय. एप्रिलमध्येच पशुपालक पाण्याची काळजी करू लागले असतील, तर धान्यवाल्यानेही कान टवकारावेत.

हे सगळं सांगतं कोण? साधारण दोनशे स्वयंसेवक. बहुतेक शेतकरीच, किंवा गावाच्या कारभाराशी संबंधित माणसं. आपापल्या परिसरात किती पेरलं, पाऊस किती पडला, पीक कसं दिसतं, हे ती दर आठवड्याला कळवतात. काही जण तर वर्षानुवर्षं हे करत आले आहेत. आठवडा मंगळवार ते सोमवार धरतात आणि अहवाल गुरुवारी येतो. म्हणजे दोनच दिवस आधी, मंगळवारी झालेला पाऊस गुरुवारच्या कागदावर नसतो. वायदेबाजारातल्या लोकांना हे पाठ असतं, आपण विसरतो. आणि या आकड्यांमागे मोजपट्टी नसून नजर आहे, हेही ध्यानात ठेवावं. आपल्या आणेवारीवरून गावोगाव होणारे वाद ज्याने पाहिलेत त्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की तिथल्या ‘उत्तम, चांगलं, मध्यम, वाईट, फार वाईट’ या शेऱ्यांवर दुष्काळी सवलत ठरत नाही. त्यामुळे पीक कमी दाखवायचं किंवा चढवून दाखवायचं कारणच राहत नाही.

उगवल्यानंतर

जूनमध्ये अहवालाचा सूर बदलतो. पिकाची अवस्था ‘वेळेवर, पुढे की मागे’ हे येऊ लागतं आणि नुकसानीची कारणं मोजली जातात: वारा, दहिवर, कोरडेपणा, साचलेलं पाणी, किडी, जमिनीत बिळं करणाऱ्या खारी.

दहिवराची बातमी आली की भाव हलतात. पण कुठल्या पिकावर पडलं हे पाहिल्याशिवाय घाबरू नये. मसूर आणि वाटाणा उगवताना आपले पहिले डोळे मातीखाली राखून ठेवतात. वरचा शेंडा करपला तरी खालून नवा फुटवा येतो. कोवळ्या गव्हाचाही वाढीचा कोंब मातीखालीच असतो. कॅनोलाचं तसं नाही. त्याचा कोंब दोन पानांच्या मध्ये उघड्यावर असतो, तो गेला की रोप गेलं आणि दुबार पेरणी. याच कॅनोलावर त्याच दिवसांत पिस्सूभुंगे पडतात. उडी मारणारे, तिळाएवढे काळे किडे. पानाचा चौथा हिस्सा खाल्ला गेला की फवारणी करायची, असा तिथला दंडक आहे. थंडीने रोप वाढायचं थांबलं असेल तर भुंग्यांचं फावतं. म्हणजे अहवालात ‘थंड आणि वारं’ वाचलं की पुढच्या आठवड्यात ‘भुंगे’ येणार, हे गृहीत धरावं.

कॅनोलाची आणखी एक अडचण त्याच्या आकारात आहे. दाणा मोहरीएवढा, म्हणून पेरायचा उथळ, एक-दोन सेंटीमीटरवर. वरची माती सुकलेली असेल तर तो धुळीत पडून राहतो. एक रोप आज उगवतं, शेजारचं तीन आठवड्यांनी पावसानंतर. मग शेत दोन वयांचं होतं आणि कापणीला डोकेदुखी. मसूर त्या मानाने खोल पेरता येतो, ओलीपर्यंत पोचतो. पेरून झालं की मसुराच्या रानावर जड रोलर फिरवतात, कारण झाड टीचभर, शेंगा जमिनीलगत. दगड मातीत दाबले नाहीत तर कापणीला यंत्राच्या तोंडात जातील.

मसुराला खरी भीती जास्त पाण्याची. ओल्या जमिनीत मुळं कुजवणारा अफॅनोमायसीस नावाचा रोग एकदा शेतात आला की वर्षानुवर्षं मातीत टिकतो. त्यावर औषध असं नाही. सहा ते आठ वर्षं त्या रानात मसूर-वाटाणा घ्यायचा नाही, एवढाच उपाय. त्यामुळे डाळीच्या पट्ट्यात ‘ओल जास्त’चा रकाना वाढला, तर गव्हासाठी ती खुशखबर असली तरी मसुरासाठी नाही. एकाच पावसाचे दोन अर्थ निघतात.

आता राहिलं आपलं नातं. मसूर या प्रांताचं जुनं पीक नव्हे. १९७० साली कॅनडाकडे गहू इतका साचला होता की सरकारने तो न पेरण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. दुसरं काय पेरावं हा प्रश्न उभा राहिला. सास्काटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड या पैदासकाराने मसुरावर काम सुरू केलं आणि १९७८ मध्ये ‘लेयर्ड’ हे वाण बाहेर आलं. तिथून गाडी जी निघाली ती आपल्या ताटापर्यंत आली. तिथे मसूर रोजच्या जेवणात फारसा नाही. जवळजवळ सगळा निर्यातीसाठी.

त्यामुळे तिथला शेतकरी काय पेरणार, हे तिथल्या वाफशाइतकंच दिल्लीतल्या अधिसूचनेवर ठरतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि महिनाभरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं. पुढच्या वसंतात तिथला मसुराचा पेरा आटला. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्कमुक्त झाला, तेव्हा वारं उलटं फिरलं, आणि आपल्या हरभरा उत्पादकांची ओरड झाली, कारण स्वस्त वाटाणा बेसनात मिसळून हरभऱ्याचा भाव पाडतो. नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर पुन्हा ३० टक्के शुल्क बसलं. लातूरच्या बाजारात हरभरा विकणारा आणि सास्काचेवानमधल्या स्विफ्ट करंट गावाजवळ वाटाणा पेरणारा एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण एकाच्या नशिबाचा दोरा दुसऱ्याच्या हातात अडकलेला आहे.

मात्र आयात किती एकरांवर पेरली यावर ठरत नाही, पदरात किती पडलं यावर ठरते. पेरा वाढला आणि जूनचा पाऊस चुकला, तर २०२१ सारखं होतं. प्रेअरीवर जून हा वर्षातला सगळ्यांत पावसाळी महिना. जूनच्या मध्यावर पेरणी ९९ टक्क्यांवर पोचते आणि टक्केवारीचा तो रकाना अहवालातून गुपचूप निघून जातो. पहिली ओळ मग पावसाची असते: कुठल्या गावाजवळ गेल्या आठवड्यात किती मिलिमीटर झाला. दाळमिलवाले मसुराचा खरा हिशोब तिथून मांडायला घेतात.